मागच्या दिव्यातले पाणी

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या मागच्या उजव्या दिव्यात मासे सोडायचे तेवढे बाकी होते. लाल काचेच्या आत बोटभर पाणी साचले होते. गाडी वळली की ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंदकळायचे. शेजारच्या मुलांना त्याची भारी मौज वाटे. "अंकल, दिव्यांत नुस्तें पोसतात कितें?" असे एकाने विचारलेसुद्धा!

मीही ते हसण्यावारी नेले. आपल्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे पाणी कुठे शिरत नाही ते विचारा! कपाटातल्या कपड्यांत, पुस्तकांच्या पानांत, मिठाच्या बरणीत, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोत, सगळीकडे ते असतेच. मग गाडीच्या दिव्याने काय घोडे मारले? तरी एकदा जवळच्या गॅरेजमध्ये दाखवला. तिथल्या पोराने सिलिकॉनची ट्यूब घेतली आणि केकवर आयसिंग फिरवावे तशी दिव्याच्या चारी बाजूंनी फिरवली. "आता थेंब जायचा नाही," म्हणाला. पैसे दिले, घरी आलो. आठवडाभरात पाणी पूर्वीपेक्षा जास्त! मी नाद सोडला.

तो नाद सोडणे किती महागात पडले असते ते मला ऑगस्टमध्ये कळले, आणि तेही गोव्यापासून हजारएक किलोमीटर दूर, माळव्यात.

माझी मावशी देवासला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्या वर्षी सहस्रचंद्रदर्शनाला पोचले होते. मावशीचा फोन आला, "सगळे या, आता पुन्हा कधी जमणार?" सौ. म्हणाली, रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत तर गाडीच काढू या, वाटेत मांडू पाहू, धार पाहू. लेक तेव्हा नऊ वर्षांची. ती तर लगेच तयार. चोर्ला घाट चढून बेळगाव, मग कोल्हापूर, पुणे, नाशिक, धुळे असे मुक्काम करत तिसऱ्या दिवशी आम्ही सेंधव्याच्या पुढे गेलो. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडला, लेकीने रिवाजाप्रमाणे पाण्यात नाणे टाकले आणि संध्याकाळच्या सुमारास मानपूरचा घाट चढू लागलो. पाऊस धो धो.

एका वळणावर पुढे एक ट्रक बंद पडून उभा होता. मी ब्रेक दाबला. पाठीमागे जो कर्कश भोंगा वाजला आणि टायर घासल्याचा आवाज आला, तो आजही कानात आहे. आरशात फक्त दोन हेडलाइट आणि त्यांच्यामधली जाळी दिसत होती. मागच्या सीटवर लेक झोपली होती. तिचे डोके आणि ती जाळी यांच्यात फार तर दोन हात अंतर राहिले असेल.

घाट संपल्यावर एका धाब्यावर थांबलो. तो ट्रकवालाही मागोमाग थांबला. मला वाटले, आता शिव्या खायच्या. पण तो खाली उतरला, शांतपणे आमच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भाईसाहब, आप ब्रेक मारते हो तो इंडिकेटर टिमटिमाता है। हमको क्या मालूम, आप रुक रहे हो?"

मी सौ.ला ब्रेक दाबायला सांगितला आणि मागे जाऊन पाहिले. डावा दिवा झगझगीत लाल पेटला. उजवा मात्र जेमतेम धुगधुगला आणि त्याच्या शेजारचा पिवळा मंदपणे उजळला. आमच्या गाडीला काचेवरचा तिसरा ब्रेक दिवा नव्हता. पावसात, अंधारात, मागून येणाऱ्याने काय समजावे? हमरस्त्यावर आपले ट्रकवाले उजवा इंडिकेटर 'या, पुढे चला' म्हणूनही देतात! मी चहाचा पेला उचलला तेव्हा माझाच हात थरथरत होता.

रात्री नऊच्या सुमारास देवासला पोचलो. मावशीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. काका मात्र एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन थेट गाडीच्या मागे. सौ.ने फोनवर मावशीला सगळे सांगितले होते. त्यांनी दिव्यावर टॉर्च मारला, आतले पाणी पाहिले, बोटाने ते सिलिकॉनचे आयसिंग चाचपले आणि एवढेच म्हणाले, "हे कोणी केलं? दिव्याचा गळाच दाबलाय की याने. उद्या सकाळी बघू. तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही."

काका देवासच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली तरी हत्यारांची पेटी तेल लावून ठेवलेली. त्यांचे पूर्वज पवारांच्या चाकरीत माळव्यात आले. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना देवास मिळाले ते १७२८ च्या सुमारास. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन राजे, दोन राजवाडे. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये काही महिने खाजगी चिटणीस होता आणि त्यावर त्याने पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिले. काकांचे मराठी ऐकले की तो सगळा तीनशे वर्षांचा प्रवास ऐकू येतो. क्रियापदे जुनी, वळण माळवी, मधूनच हिंदी.

सकाळी पाऊस उघडला होता. काका पाटावर बसले, मला समोर बसवले. डिकी उघडून आतले दोन स्क्रू काढायला सांगितले. "पेचकस सरळ धर. दिवा वाकडा ओढू नको, सरळ मागे घे." दिवा हातात आला. तो तिरपा केला तसे पेलाभर पाणी भळकन बाहेर आले. काळपट, शेवाळाचा वास असलेले. गोव्याचे पाणी! चार राज्यांची हद्द नाही, पण दोन राज्ये ओलांडून मी ते देवासपर्यंत वाहून आणले होते.

बल्बचे होल्डर काढले. त्यांच्या पितळी जिभा हिरव्या पडलेल्या. काका म्हणाले, "हा बघ तुझा इंडिकेटर. अर्थिंगच्या तारेला गंज चढला. ब्रेकच्या बल्बला एकवीस वॅट लागतात. करंटला परतीची वाट मिळाली नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढून गेला. त्याचा काय दोष?" मग त्यांनी बारीक पॉलिश पेपर दिला. मी जिभा आणि अर्थिंगचे टोक घासून लखलखीत केले. बल्ब मात्र नवा आणला, वीसेक रुपयांचा.

"आता गळती शोधू," मी म्हणालो आणि जिथे पाणी साचत होते तो खालचा कोपरा निरखू लागलो. काका हसले. "तुमच्याकडे कौलारू घरं ना रे? गळतं तिथेच कौल फुटलेलं असतं का?"

आणि मला एकदम आमचे जुने घर आठवले. मे महिन्यात घर शाकारायला माणसे यायची. वडील अंगणात उभे राहून त्यांना ओरडून सांगायचे, थेंब पडतो त्या जागेवर जाऊ नका, वाशाच्या वरच्या अंगाला बघा. कौल फुटायचे कोण्या ठिकाणी, पाणी वाशावरून चार हात चालत यायचे आणि पडायचे देवघरात! हे मला पाठ होते. पण घराचे शहाणपण गाडीला लावायचे असते हे सुचले नव्हते.

काकांनी आधी माझ्याकडून ते जुने सिलिकॉन सोलून घेतले. सुरी वापरू दिली नाही. आइस्क्रीमची लाकडी काडी आणि एक जुने प्लास्टिकचे कार्ड. मी पेट्रोलने पुसू का विचारले तर डोळे वटारले. दिव्याची काच म्हणतो ती काच नसते, ॲक्रिलिक असते. पेट्रोल, थिनर लागले की तिला बारीक बारीक तडे जातात आणि एका गळतीच्या दहा होतात. साबणाचे पाणी आणि मऊ फडके, एवढेच पुरे. वाळवायलाही घाई नको. केस वाळवायचे यंत्र लावायचेच तर लांबून आणि मंद. शंभर अंशांच्या आसपास हे प्लास्टिक नरम पडते. आम्ही दिवा तासदीड तास उन्हात पालथा ठेवला.

मग खरी परीक्षा. काकांनी मावशीकडून एक बादली पाणी मागितले. "एकच," मावशी आतून म्हणाली. मला गंमत वाटली, पण काका हसले नाहीत. होल्डरची सगळी भोके चिकटपट्टीने बंद केली, एका भोकात सलाइनची नळी बसवली आणि दिवा बादलीत बुडवून मला नळीतून हळू फुंकायला सांगितले. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसेच! लेक बादलीवर ओणवी झाली होती. "बाबा, इथे! इथे!" तिने ओरडून दाखवले. वरच्या कडेला, जिथे लाल काच आणि मागची काळी डबी एकमेकांना जोडलेली असतात, तिथे बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेतून बुडबुड्यांची माळ वर येत होती. साचत होते खाली, शिरत होते वरून.

"एवढ्या फटीतून पेलाभर पाणी?" मी विचारले.

काकांनी मावशीच्या डब्याचा दाखला दिला. गरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावले की गार झाल्यावर ते उघडत नाही, आतली हवा आकसते आणि झाकण ओढून धरते. दिव्याचेही तेच. बल्ब पेटला की आतली हवा तापते, फुगते, फटीतून बाहेर जाते. वरून पावसाचे गार पाणी पडले की ती एकदम आकसते आणि बाहेरचे जे मिळेल ते आत ओढते. हवा मिळाली तर हवा, पाणी मिळाले तर पाणी. म्हणजे आमचा दिवा दर पावसात घोट घोट पाणी पीत होता!

"पण म्हणूनच त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते," ते म्हणाले आणि दिव्याच्या अगदी खालच्या अंगाला असलेले एक बारीक भोक दाखवले. गॅरेजमधल्या पोराने ते सिलिकॉनने गच्च बुजवले होते. त्या वरच्या फटीपाशी मात्र सिलिकॉन नीट चिकटलेच नव्हते, कारण जागा ओली होती. "बघ, यायची वाट उघडी आणि जायची बंद. मग काय होणार?" काकांनी दाभण दिले. मी ते भोक मोकळे केले.

इथे एक सांगून ठेवतो. पावसाळ्यात दिव्याच्या आत नुसते धुके धरले आणि दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर ते गेले, तर ती गळती नव्हे, तो दिव्याचा श्वास. त्याला हात लावू नये. थेंब ओघळू लागले, पाणी साचू लागले, तर मात्र दिवा उतरवावा.

फट बुजवायला सिलिकॉनच, पण काकांनी ट्यूब हुंगून पाहिली. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते दिव्याला नको. त्यातून निघणारे आम्ल तांब्यापितळेला खाते. बिनवासाचे, न्यूट्रल लिहिलेले आणायला मला बाजारात पिटाळले. आणल्यावर मला वाटले आता तेच लावतील. त्यांनी ट्यूब हातात घेतली, फटीवर टेकवली. आणि टोक थरथरू लागले. दोनदा प्रयत्न केला. मग काही न बोलता ट्यूब माझ्या हातात दिली.

"तू लाव. माझा हात आता कापतो."

मी लावले. ते नुसते बघत होते. "दाबून भर, वरून लिंपू नको. फटीत जायला पाहिजे." ओल्या बोटाने सारखे केले. काकांनी चष्मा वर करून पाहिले आणि मान हलवली. एवढीच शाबासकी!

"आता चोवीस तास हात नाही लावायचा," ते म्हणाले. मग हळूच हसून, "गंमत सांगू का? हे सुकत नाही, पिकतं. आणि पिकायला त्याला हवेतलं पाणी लागतं. बिल्कुल कोरड्या हवेत ठेवलं तर पिकायचंच नाही."

पाण्याला अडवणाऱ्या या वस्तूला घट्ट व्हायला पाणीच लागते! आपल्या गोव्याच्या हवेत तर ते किती झकास पिकत असेल.

सगळे झाल्यावर बादलीतले पाणी ओतून द्यायला मी मोरीकडे निघालो. मावशीने बादली माझ्या हातातून घेतली आणि कुंड्यांकडे नेली. एक तांब्या जास्वंदीला, एक मोगऱ्याला. चाफ्याच्या कुंडीपाशी बादली संपली. ऑगस्ट महिना, रात्रभर पाऊस पडून गेलेला!

काका म्हणाले, "तिला नव्वद साल आठवतं."

१९९० साली देवासला पाणी आगगाडीने आले होते. इंदूरहून पाण्याने भरलेल्या वाघिणी स्टेशनात यायच्या, तिथून पाणी पंपाने टाकीत चढायचे आणि मग नळाला. ज्या गावात वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या गावात! काका कारखान्यातून सुटून बादल्या घेऊन रांगेत उभे राहत. मावशी भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. मी त्या वर्षी गोव्यात होतो, धबधब्याखाली भिजत होतो. मावशीच्या पत्रात 'इथे पाण्याची जरा ओढाताण आहे' एवढे वाचल्याचे आठवते.

अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ च्या हिंदी पुस्तकात देवासची ही कथा आली आहे. गावातले लहानमोठे तलाव बुजवून त्यांवर घरे-कारखाने उठले, आणि मग पाणी रुळांवरून आणावे लागले. काकांनी हे पुस्तक वाचले होते की नाही कोण जाणे. पण पाटावरून उठता उठता ते म्हणाले, "आमच्या गावाचं तुझ्या दिव्यासारखंच झालं. भरायची जागा होती, उतरायची वाट होती, दोन्ही बुजवल्या. मग पाऊस पडला तरी काय!" पुढे २००६ पासून जिल्ह्यात शेततळ्यांची मोठी मोहीम झाली, 'रेवासागर' नावाने शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली, हेही त्यांनी अभिमानाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. आमचा दिवा तिकडे ओट्याच्या कोपऱ्यात पिकत पडला आणि इकडे एक्याऐंशी दिव्यांनी काकांना ओवाळले. संध्याकाळी आम्ही टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलो. उतरताना टेकडीच्या पायथ्याचे 'भानुकुल' बाहेरून पाहिले. गोव्याच्या माणसाने देवासला येऊन ते घर न पाहता जायचे म्हणजे पापच! कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवा बदलायला देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. पावसाची गाणी वेचून 'गीतवर्षा' बांधणारा माणूस अशा तहानलेल्या गावात राहिला, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले. पाऊस ज्याला मोजून मिळतो त्यालाच तो ऐकू येत असावा.

तिसऱ्या दिवशी दिवा बसवला. त्याच्या मागची रबराची गॅस्केट चपटी झाली होती, तिच्यावर दाराला लावतात ती फोमची पट्टी लावली. गॅस्केट गेली तर पाणी दिव्यात नव्हे, डिकीत जाते, आणि स्टेपनीखाली साचून पत्रा खाते. ती तपासायची काकांची रीत अशी की लेकीला टॉर्च देऊन डिकीत बसवले, डिकी बंद केली आणि मी बाहेरून तांब्याने पाणी ओतले, आधी खालून, मग हळूहळू वर. एकदम वरून ओतले तर शिरले कुठून ते कळत नाही. "आलं का?" "नाही!" "आता?" "नाही!" दोन तांबे संपले. लेक आतून ओरडली, "बाबा, मला घाम आला, पण पाणी नाही आलं!" काका एवढे मोकळे हसलेले मी प्रथमच पाहिले. मग मला ब्रेक दाबायला सांगून ते स्वतः मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही दिवे सारखे लाल. "जा आता कुठे जायचं तिथे," म्हणाले.

मांडूला पावसाने आमची आणि दिव्याची दोघांचीही परीक्षा घेतली. जहाज महाल एका बाजूला मुंज तलाव आणि दुसऱ्या बाजूला कपूर तलाव यांच्यामध्ये उभा आहे, पंधराव्या शतकातला, सुलतान घियासुद्दीन खिलजीच्या काळातला. सगळे लोक त्याचे प्रतिबिंब पाहत होते. मी गच्चीवरच्या पन्हळीपाशी बसलो. पाणी सरळ हौदात न सोडता ते दगडात कोरलेल्या सर्पिल वाटेने गोल गोल फिरवून आणले आहे. फिरता फिरता त्याचा जोर जातो, गाळ खाली बसतो. यायची वाट, थांबायची जागा, जायची वाट. आदल्या दिवशीपर्यंत मला ती नुसती नक्षी वाटली असती.

धारला गेलो तेव्हा पाऊस थांबला होता. या गावाच्या नावातच धार आहे. परमारांची धारानगरी, भोजराजाची. अकराव्या शतकातल्या या राजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात पाण्याच्या फवाऱ्यांची धारागृहे कशी बांधावीत तेही सांगितले आहे. गावात साडेबारा तलाव आहेत असे इथले लोक सांगतात. त्यातला अर्धा कोणता ते मात्र प्रत्येक जण वेगळे सांगतो! धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला. 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका जिच्यावर आहे त्या आनंदीबाईला आसरा मिळाला तो 'ध'च्याच गावात, असे सौ. म्हणाली आणि आम्ही किल्ल्याच्या दारात खूप हसलो.

लाट मशिदीपाशी तो प्रसिद्ध लोहस्तंभ पाहिला. त्याचे मोठमोठे तुकडे एका चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत. शतकानुशतके पाऊस खाऊनही ते लोखंड शाबूत आहे. मी त्यावरून हात फिरवला आणि माझ्या होल्डरच्या हिरव्या जिभा आठवल्या. तीन पावसाळ्यांत त्या गेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर, गुजरीच्या बाजूने घाट उतरताना पुन्हा पाऊस लागला. वळणांवर मी ब्रेक दाबला की मागचा ट्रक शिस्तीत मागे राहत होता. लेक जागीच होती. ती मागच्या काचेतून बघून दर वेळी सांगायची, "थांबला, बाबा."

काका २०२१ च्या हिवाळ्यात गेले. त्या दिवसांत प्रवासाची अडचण होती, मला जाता आले नाही. मावशीने फोनवर सांगितले, शेवटच्या महिन्यात हात फार कापायचा, पण हत्यारांची पेटी उघडून तेल लावायला बसायचे.

ती गाडी अजून आमच्याकडे आहे. तिची काच आता धुरकट झाली, रंग उडाला, पण तो दिवा परत गळला नाही. मे महिन्यात घर शाकारून झाले की मी दाभण घेतो आणि दोन्ही दिव्यांच्या खालचे भोक मोकळे करतो. वर्षभरात तिथे माती बसते, कधी मुंग्या घर करतात. मग एक तांब्या पाणी, खालून वर.

लेक आता शिकायला बाहेर असते. यंदा पहिला पाऊस पडला त्या दिवशी तिचा फोन आला. अभ्यास, जेवण, पैसे वगैरे सगळे बोलून झाल्यावर फोन ठेवताना म्हणाली, "बाबा, दिव्याचं भोक मोकळं केलंत ना?"